साडी हातात आली की हात खाली: दुकानात चोरी पकडल्यावर काय करावं

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या दुकानदारांची बैठक झाली. निमित्त होतं मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ. एका बाईला दुकानाच्या पायरीवर बसवलंय, डोक्यावरचा पदर ओढून काढलाय, मांडीवर चोरलेल्या साड्या रचल्यात आणि चार-पाच जण तिच्या तोंडासमोर मोबाइल धरून "नाव सांग, गाव सांग" म्हणून ओरडतायत. बैठकीतले निम्मे म्हणाले, बरं झालं, अशीच अद्दल घडायला पाहिजे. काही म्हणाले, पोलिसांत देऊन उपयोग काय, संध्याकाळी परत बाजारात. एक तरुण दुकानदार म्हणाला, "नव्या कायद्यात पाच हजारांखालची चोरी माफच करून टाकलीय. आता आपलं आपणच बघायचं."

मी उठून बोलले, पण सगळे एकदम बोलत होते आणि मला जे सांगायचं होतं ते अर्ध्यावरच राहिलं. म्हणून ते इथे लिहिते. बेळगावात, शहापुरात, साडीच्या दुकानाच्या गादीवर मी ३१ वर्षं बसते. चोरीनं होणारं नुकसान काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. साडेतीन हजारांची एक साडी गेली की तेवढा नफा भरून काढायला आठ-दहा साड्या विकाव्या लागतात. चोराला शिक्षा व्हायलाच हवी. पण आपण मारलेल्या थप्पडीची नोंद कुठेच होत नाही. आज आमच्याकडे मार खाल्लेली बाई उद्या निपाणीत, परवा हुबळीत नव्यानं "पहिल्यांदाच चुकले" म्हणते, आणि कागदावर ते खरंच असतं. कडक शिक्षा मागणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. थप्पड मारून आपण तिला मोकळं सोडतो.

आधी माझी चूक

१९९८ चा मे महिना, ऐन लग्नसराई. खानापूरकडच्या एका खेड्यातून एक बाई मुलीला घेऊन बस्त्याच्या साड्या बघायला आली होती. दोन साड्या बाजूला काढून ठेवायला सांगून तिनं दोनशे रुपये विसार दिला. ती उठली आणि आमच्या एका पोरानं माझ्या कानात सांगितलं, मरून रंगाची इरकल दिसत नाही. मी दारातच तिला अडवलं. तिच्या हातातली कापडी पिशवी घेतली आणि गादीवर उपडी केली. शेंगदाण्याची पुडी, खोकल्याच्या औषधाची बाटली, दोन केळी, रुमालात बांधलेले बसचे सुटे पैसे. साडी नव्हती. मी म्हटलं, पदर झटक. ती म्हणाली, "अक्का, मी घेतलं नाही ओ." आणि मी तिच्या तोंडात मारली. मुलगी रडत म्हणाली, "कशाला मारतासा आईला?" तोवर दारात वीसेक माणसं जमली होती.

संध्याकाळी घड्या घालताना आमच्या मामांनी (आमचे सर्वांत जुने सेल्समन, सगळे त्यांना मामाच म्हणायचे) एक हिरवी साडी उलगडली. मरून इरकल तिच्या पोटात होती. दोन साड्या एकावर एक उघडल्या होत्या आणि कुणीतरी दोन्हींची मिळून एकच घडी घातली होती.

ती बाई परत आली नाही. पावतीवर नाव होतं, गाव नव्हतं. भावोजी दोनदा खानापूरला जाऊन विचारून आले. त्या शंभराच्या दोन नोटा दुकानाच्या वहीत पहिल्या पानाला मी आजही ठेवते. वर्ष बदलतं, वही बदलते, नोटा नव्या वहीत जातात. पुढचं जे सगळं सांगतेय ते त्या दिवसापासून शिकलेलं आहे.

चोरी व्हायच्या आधी

साडीच्या दुकानात चोरी होते ती पसाऱ्यात. गादीवर चाळीस साड्या उघड्या पडल्या असतील तर एक्केचाळिसावी कुठे गेली ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. आमचा नियम सहाचा आहे. सातवी साडी उघडायची तर एक घडी होऊन थप्पीत परत गेली पाहिजे. लग्नसराईत दहापर्यंत चालवतो, पण तेव्हा आकडा मोठ्यानं म्हणायचा: "ताई, ह्या आठ बघितल्या, आणखी दोन दाखवतो." गिऱ्हाइकाला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याला मोजणी ऐकू जायला हवी त्याला ती ऐकू जाते.

टोळीचा डाव बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो. चार-पाच बायका एकत्र येतात. एक भावावरून हुज्जत घालते. एक वरच्या रॅकमधली साडी मागते, म्हणजे सेल्समनची पाठ फिरते. तिसरी मांडी घालून बसलेली असते. थप्पीतली साडी आधी गुडघ्याखाली सरकते, मग परकराला आतून शिवलेल्या पिशवीत. सगळं होतं तीन-चार सेकंदांत. म्हणून शिडीवर चढणारा आणि गादीकडे बघणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. आमच्याकडे "अकरा नंबरचा गठ्ठा आणा" म्हटलं की मोकळा असलेला माणूस गादीजवळ येऊन बसतो. अकरा नंबरचा गठ्ठाच नाही. तुमच्या दुकानाचा शब्द तुम्ही ठरवा आणि वर्षातून एकदा बदला.

आणखी एक साधी गोष्ट, जी मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. आलेल्या प्रत्येकाशी बोला. "कुठून आलात? चंदगडहून? गाडी वेळेवर मिळाली का?" घरच्यासारखी विचारपूस झाली की गिऱ्हाईक खूश होतं, आणि चोरी करायला आलेल्या माणसाला आपला चेहरा कुणाच्या लक्षात राहतोय हे अजिबात नको असतं.

पिशव्या काउंटरवर ठेवून टोकन द्यायचं असेल तर ते सगळ्यांना द्या. डॉक्टरांच्या बायकोची पर्स आत आणि डोक्यावर बोचकं असलेल्या बाईची पिशवी बाहेर, हे आमच्या दुकानात चालत नाही. कपड्यांवरून, बोलण्याच्या हेलावरून, जातीवरून नजर ठेवायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गादीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून तो अजून जायचा आहे. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर, तुम्ही फाटक्या पदराकडे बघत असता तेव्हा चोरी भलतीकडेच चाललेली असते. आमच्याकडे आजवर पकडल्या गेलेल्यांपैकी दोघी चारचाकीतून उतरलेल्या होत्या.

नोकरानं केलेल्या चोरीबद्दल थोडक्यात सांगते. तिला वेगळं कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं (म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं) ३०६, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. महिन्याला स्टॉक मोजा आणि पगार वेळेवर द्या.

लक्षात आल्यावर

संशय आणि खात्री यांतला फरक आधी मनाशी करा. तुम्ही किंवा तुमच्या माणसानं साडी सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे का? "दिसत नाही" म्हणजे चोरी झाली असं नव्हे, हे मी दोनशे रुपयांच्या किमतीत शिकले. पाहिली नसेल तर कुणालाही अडवू नका. आधी गादीवरच्या सगळ्या घड्या मोडून बघा.

पाहिली असेल तर पहिलं वाक्य साधं ठेवा. मी म्हणते, "ताई, एक साडी चुकून तुमच्याकडे राहिली बघा." आवाज चढवायचा नाही, "चोर" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दहातल्या सहा वेळा साडी तिथेच बाहेर येते. "अग बाई, पदरात अडकली वाटतं" म्हणत येते, पण येते.

साडी परत मिळवण्यापुरतं कायदा तुमच्या बाजूनं आहे. आपल्या मालमत्तेचं चोरीपासून रक्षण करायचा हक्क न्याय संहितेनं प्रत्येकाला दिलाय. चोर पळत असेल तर साडी धरून ठेवता येते, वाट अडवता येते, गरजेपुरता जोरही लावता येतो. पण त्याच कायद्यात त्या हक्काची हद्दही लिहिली आहे. चोर माल घेऊन निसटला, पोलिसांची मदत मिळाली किंवा माल परत मिळाला, की तो हक्क संपतो. म्हणून आमच्या पोरांना मी एकच वाक्य पाठ करून घेतलंय, साडी हातात आली की हात खाली. त्यानंतरची पहिली थप्पड हा तुमचा गुन्हा. कलम ११५, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आतल्या खोलीत कोंडून ठेवलंत तर कलम १२७, तिथंही एक वर्षापर्यंत.

"पण नागरिकाला चोर पकडता येतो ना?" असं बैठकीत एकानं विचारलं. येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक, तपास, खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम ४०. पण गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत झालेला हवा, तो दखलपात्र (पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) हवा, आणि उगाच उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत, त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीत ही अट बसत नाही, ते पुढे सांगते. गादीवर बसून कलमाचा निवाडा करण्याच्या भानगडीत पडू नका. ११२ ला फोन लावा, सगळ्यांसमोर खुर्ची द्या, पाणी द्या. ती उठून निघालीच तर जाऊ द्या. चेहरा कॅमेऱ्यात आहे, साडी तुमच्याकडे आहे.

झडती घ्यायची नाही. बाईची तर नाहीच, आणि आपल्याकडची बाई घेईल असंही नाही. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच, मर्यादा सांभाळून घ्यावी लागते. आपल्याला तर तो अधिकारच नाही.

दहापट पैसे घ्यायचे आणि सोडून द्यायचं, ही प्रथा बऱ्याच बाजारांत आहे, आणि ती चालवणाऱ्यांना आपण फार मोठं मन दाखवतोय असं वाटतं. "पंधरा हजार काढ, नाहीतर पोलिसांत देतो" हे धमकी देऊन पैसे उकळणंच आहे, आणि त्याला कलम ३०८ आहे, सात वर्षांपर्यंत. चोरापेक्षा दुकानदाराची शिक्षा मोठी.

आणि मोबाइल खिशात ठेवा. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्यानं उद्या ती बाई निर्दोष निघाली तर काय करणार ते आधी ठरवावं. बदनामीचं कलम ३५६ आहेच. पण कलमाचं सोडा. १९९८ मध्ये आमच्या दारात वीस माणसं होती. आज ती वीस हजार असती, आणि त्या मुलीच्या सासरच्यांनीही ते पाहिलं असतं.

गर्दीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपण बेळगावात राहतो. बाजारात आरडाओरडा झाला की पहिला प्रश्न येतो "काय चोरलं?" आणि दुसरा "कुठली आहे? मराठी की कानडी?" तिथून पुढे साडीचा विषय राहत नाही. माझी विनंती आहे, कुठल्याही बाजूच्या माणसाला हा दुसरा प्रश्न विचारूच देऊ नका. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून एखाद्याला त्याच्या जातीवरून, भाषेवरून, जन्मस्थानावरून मारलं आणि गंभीर इजा झाली तर प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. जीव गेला तर जन्मठेप किंवा फाशी. "मी फक्त एकच लाथ मारली" असं म्हणून त्यातून सुटका नाही. शटर अर्धं ओढा, गर्दीला बाहेर ठेवा, ती बाई मात्र सगळ्यांना दिसेल अशी बसू द्या.

पाच हजारांचा घोळ

१ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता गेली आणि न्याय संहिता आली. चोरीचं जुनं कलम ३७९, आता ३०३. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, हे तसंच राहिलं. भर पडली ती दोन ठिकाणी, आणि लोक त्यातलं एकच सांगतात.

पहिली भर: वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, या तिन्ही गोष्टी असतील तर शिक्षा सामुदायिक सेवेची. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनपगारी. दुसरी भर: दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कमीत कमी एक वर्ष आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर दंड. यात माफी कुठे आहे? पहिल्या वेळी झाडू हातात येतो, दुसऱ्या वेळी तुरुंग. पण दुसरी वेळ मोजायला पहिली वेळ कागदावर असावी लागते. सुरुवातीला थप्पडीबद्दल म्हटलं ते यासाठी.

आता त्या तरुणाच्या रागातलं जे खरं आहे तेही मान्य करते. पाच हजारांखालचा हा प्रकार कायद्यानं अदखलपात्र आणि जामीनपात्र केला आहे. पोलीस वहीत नोंद करतात, तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात, आणि त्यांच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. मोठ्या मॉलला पाच हजार म्हणजे काहीच नाहीत. खडेबाजारातल्या फूटपाथवर टॉवेल विकणाऱ्याचे पाच हजार म्हणजे त्याचं सगळं भांडवल. चोराचं पोट हातावर असतं हे खरं, तसं फेरीवाल्याचंही असतं. दोघांना एकाच आकड्यानं मोजणं मला पटत नाही, आणि ते बदलावं असं मला वाटतं. पण ते बदलायची जागा दुकानाची पायरी नाही.

एक बारकावा. माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेल्या चोरीला कलम ३०५ आहे, सात वर्षांपर्यंत. कोणतं कलम लावायचं ते पोलीस आणि कोर्ट बघतील. आपण कलम सुचवायला जाऊ नये. काय घडलं, किती वाजता घडलं, कुणी पाहिलं, एवढंच अचूक सांगावं.

ठाण्यात

जाताना काय न्यायचं: चोरीला गेलेली साडी लेबलासकट, तिच्या खरेदीच्या बिलाची प्रत, पाहणाऱ्या माणसाला स्वतःला (त्याचा निरोप चालत नाही), आणि लिहून तयार केलेला अर्ज. किंमत लिहिताना लेबलावरची आणि खरेदीची, दोन्ही लिहा. फुगवून पाच हजारांच्या वर नेऊ नका. बिल समोर आलं की बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडतो.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे प्रत्येकाला पडतो. ठाण्यातलं काम कन्नडमध्ये चालतं आणि आपल्यातले कितीतरी जण, विशेषतः पन्नाशीच्या पुढचे, कन्नड बोलतात पण लिहीत नाहीत. संविधानाच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय. तेव्हा अर्ज मराठीत लिहा, संकोच नको. पण काम व्हायला हवं असेल तर सोबत कन्नड भाषांतर जोडा. आमच्याकडे वडगावच्या एका विणकराची मुलगी हिशेबाला आहे, ती कन्नड शाळेत शिकली. ती दोन्ही प्रती लिहिते, मी मराठी प्रतीवर सही करते. ठाण्यातल्या माणसाचं काम सोपं झालं की आपलंही होतं. तोंडी जबाब दिलात तर तो तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. एफआयआर झाली तर तिची प्रत फुकट मिळते. नुसती नोंद झाली तर तिचा नंबर आणि तारीख वहीत उतरवून घ्या.

कॅमेऱ्याचं चित्रण पेनड्राइव्हवर त्याच दिवशी काढून ठेवा. आमच्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) पंधरा दिवसांनी जुनं पुसलं जातं. कोर्टात ते चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा ठरावीक नमुना आहे. कॅमेरे बसवणाऱ्याकडून आणि वकिलांकडून ते एकदा समजून घ्या. मोबाइलनं स्क्रीनचं केलेलं शूटिंग देऊ नका.

मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे एक बाई सापडली. साडी ३,६५० रुपयांची, गुडघ्याखालून परकरात जाताना मी स्वतः बघितली. "ताई, एक चुकून राहिली बघा." तिनं काढून दिली आणि लगेच माझे पाय धरले. आमचा नवा पोरगा मूठ वळून उभा होता. मी त्याला चहा आणायला पाठवलं. ठाण्यातून कॉन्स्टेबल मॅडम आल्या, अदखलपात्र नोंद झाली, बाई गेली. पोरगा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. चार महिन्यांनी ठाण्यातून फोन आला, त्या नोंदीची तारीख आणि आमच्याकडचं चित्रण हवं होतं. तीच बाई आणखी तिघींबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात एका सराफाच्या दुकानात पकडली गेली होती. तो खटला चालू आहे. पेनड्राइव्ह मी डब्यात जपून ठेवला होता.

कुणाला सोडावं

सगळ्यांनाच ठाण्यात न्यावं असं मी म्हणत नाही. सोडायचं की नाही हे रागात किंवा दयेच्या झटक्यात ठरवू नये, आधीच ठरवून ठेवावं, म्हणून आमचं काय ठरलंय ते सांगते.

मुलं. परकर-पोलक्यांच्या काउंटरवर खोट्या नथी ठेवतो आम्ही. शाळेच्या गणवेशातल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं १२० रुपयांची नथ मुठीत दाबली. मी तिचा हात धरला नाही, माझा हात तिच्यासमोर पसरला. तिनं नथ ठेवली. तळहातावर नथीच्या तारेचा लाल वण उठला होता, इतकी घट्ट दाबली होती. तिला आत बसवलं, आईला फोन करायला लावला. शाळेला कळवलं नाही. आई आली, तीही घाबरली होती. तिला मी तेवढंच सांगितलं की घरी मारू नका. अठराच्या आतल्या मुलांसाठी बाल न्याय कायदा वेगळा आहे, त्यांचं काम बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि चौकशीतल्या मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही.

म्हातारी, विसरभोळी माणसं. त्यांच्या पिशवीत कधी कधी वस्तू खरंच न कळत जाते. घरच्यांना कळवा, विषय तिथेच संपवा.

कुणी खायची वस्तू उचलली, तांदळाची पिशवी, दुधाची पावडर, तर तो विषय साडीवाल्या माझ्याकडे येत नाही. पण आमच्या शेजारच्या किराणावाल्या काकांनी तीस वर्षांत त्यावरून कुणाला ठाण्यात नेलं नाही, आणि त्यांचं दुकान बुडालं नाही.

बाकी सगळ्यांची नोंद करायची. ओळखीची असली तरी, नात्यातली असली तरी. ओळखीच्या बाईला सोडायचं आणि परगावच्या बाईला बडवायचं, यात आपली वशिलेबाजी दिसते, न्याय दिसत नाही. नोंद झाल्यावर कोर्टात तडजोड करायची झाली तर साध्या चोरीच्या गुन्ह्यात मालाच्या मालकाला ती वाट कायद्यानं ठेवली आहे.

शिक्षा किती असावी, यावर बैठकीत मत विचारलं होतं. माझं मत असं: लहान, पण नक्की, आणि लवकर. वीस हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीनं, भराभर चालवायची सोय कायद्यात आहे. ती वापरली जावी, यासाठी आपण सगळ्या दुकानदारांनी मिळून अर्ज करूया, मी पहिली सही करते. आणि सामुदायिक सेवा द्यायची तर सरकारी दवाखान्यात फरशी पुसायची द्या, अंगणवाडीत भांडी घासायची द्या. गळ्यात पाटी अडकवून भरबाजारात फिरवू नका. १९५५ मध्ये चाबकाची शिक्षा आपल्या देशानं कायदा करून बंद केली. ती मोबाइलमधून परत आणायची नाही.

दुकानाच्या वहीत मी यासाठी शेवटची आठ पानं राखून ठेवते. रकाने असे: तारीख, वेळ, वस्तू, लेबलावरची किंमत, पाहणाऱ्याचं नाव, काय बोललो, काय केलं, ठाण्यातल्या नोंदीचा नंबर. पकडलेल्या माणसाची जात, भाषा असा रकाना नाही. वही कपाटात, किल्ली माझ्याकडे. तुम्ही सुरू करणार असाल तर या लग्नसराईच्या आधी करा, आणि त्याच दिवशी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं घड्याळ तपासा. आमचं गेल्या आठवड्यात सात मिनिटं मागे होतं.